आगाऊ भरलेल्या रात्री

सकाळी चहाचा कप हातात घेताना नवरा विचारायचा, "लागली का गं झोप?" आणि ती म्हणायची, "हो, लागली की!"

तीन वर्षं हे असंच चाललं होतं. विचारणाऱ्याला खरं उत्तर नको होतं आणि सांगणारीला खरं सांगायचं नव्हतं, त्यामुळे दोघांचंही भागत होतं. आपल्यापैकी किती घरांत दिवसाची सुरुवात अशा थापेने होते, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी तपासून पाहावं.

खरं काय होतं? रात्री साडेनऊलाच ती अंथरुणाला पाठ टेकायची. जितका जास्त वेळ पडून राहू तितकी झोप पदरात पडेल, अशी तिची समजूत. दहाला नवरा घोरायला लागायचा. अकरा वाजायचे, बारा वाजायचे. घड्याळाकडे बघायचं नाही असं पक्कं ठरवून ती दर दहा मिनिटांनी बघायची. आत्ता लागली तर पाच तास मिळतील. आत्ता लागली तर चार. शेजारच्या घोरणाऱ्या माणसाचा तिला इतका राग यायचा की उशी उचलून त्याच्या तोंडावर मारावीशी वाटायची. बिचाऱ्याचा गुन्हा एवढाच की त्याला झोप येत होती! पहाटे चारला कधीतरी डोळ्याला डोळा लागायचा आणि सहाला गजर व्हायचा.

सुरुवात तिच्या आईच्या आजारपणात झाली. आठ महिने आई तिच्याकडे होती. रात्री-अपरात्री आईला धाप लागायची आणि खोकल्याच्या पहिल्याच आवाजाला ही उठून बसायची. पुढे आई गेली, पण ती जाग काही गेली नाही.

सुरुवातीला तिने एक-दोनदा अर्धवट बोलून पाहिलं, आणि उपाय सांगणाऱ्यांचा आपल्याकडे कधी तुटवडा नसतो. कोणी म्हणालं गरम दूध घे, कोणी म्हणालं उलटे आकडे मोज. नणंद फोनवर म्हणाली, "दिवसभर कष्ट केले ना वहिनी, की माणूस मेल्यासारखा झोपतो." जणू ही दिवसभर पाळण्यात बसून झोके घेत होती! मध्ये एका सहकारिणीकडून मागून घेतलेल्या गोळ्याही झाल्या. त्यांनी झोप यायची, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोकं ओल्या कापसासारखं जड राहायचं. डॉक्टरांकडे जायचा विषय निघाला, तेव्हा नवराच म्हणाला, "झोप येत नाही म्हणून कोणी डॉक्टरकडे जातं का? लोक म्हणतील, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. डोळे मिटून पडायचं, येते आपोआप."

नवरा वाईट नव्हता. छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर होता, दिवसभर उभं राहून दमायचा. त्याने डोळे मिटले की त्याला यायची आपोआप.

ती एका मोठ्या इस्पितळात कामाला होती. ऑपरेशन थिएटरच्या खालच्या मजल्यावर, जिथे कात्र्या, चिमटे, सुऱ्या धुऊन, ट्रेमध्ये लावून, कापडात बांधून वाफेच्या यंत्रात घालतात, त्या खोलीत. यंत्र म्हणजे माणूस आत उभा राहील एवढा प्रेशर कुकरच. एकोणीस वर्षं ती त्याच्याशी बोलत, त्याला शिव्या घालत काम करत होती, म्हणून सगळं थिएटर तिला 'वाफताई' म्हणायचं. बांधलेल्या प्रत्येक ट्रेवर एक पट्ट्यापट्ट्यांची टेप लावतात. आत जाताना पट्ट्या फिकट असतात आणि वाफ नीट पोचली की काळ्याभोर होतात. दर फेरीचं तापमान, दाब आणि मिनिटं रजिस्टरमध्ये लिहायची असतात.

आता इथे एक गोष्ट लाज सोडून सांगायला हवी. ते रजिस्टर त्या खोलीत कधीच वेळेवर भरलं जात नव्हतं. सकाळी आल्या आल्या दिवसभराच्या सगळ्या फेऱ्यांचे आकडे एकदम लिहून टाकायचे, अशीच पद्धत होती. वाफताईला काम शिकवणाऱ्या बाईंनीच सांगितलं होतं, "आकडे रोज तेच येतात गं. सकाळी पेन हातात आहे तोवर लिहून मोकळं व्हायचं." एकोणीस वर्षांत कोणी विचारलं नाही. मग त्यात काही चूक आहे हेच कोणाला वाटेनासं झालं.

त्या मंगळवारी तिची सलग तिसरी रात्र कोरडी गेली होती. यंत्राला चौथी फेरी लावायची होती. ट्रे दाराशी रचून ठेवले आणि ती दोन मिनिटं स्टुलावर टेकली. जागी झाली ती थिएटरच्या फोनने. "हाडाच्या ऑपरेशनचा ट्रे पाठवा, पेशंट टेबलावर आहे!" ती धडपडत उठली. समोर ट्रे बांधून तयार होता. तो लिफ्टमध्ये घालून तिने वर पाठवून दिला.

पाच मिनिटांनी जिन्यावर चपलांचा आवाज झाला. थिएटरच्या इन्चार्ज सिस्टर स्वतः ट्रे घेऊन खाली आल्या होत्या. जिभेला धार असलेली बाई.

"वाफताई, हा ट्रे यंत्राच्या आत जाऊन आला, की बाहेरूनच हात हलवून आला?"

टेपच्या पट्ट्या फिकट होत्या!

सवयीने वाफताईने रजिस्टर पुढे केलं. चौथी फेरी, एकशे चौतीस अंश, दाब बरोबर, मिनिटं बरोबर, खाली सही. सिस्टरांनी बोट खाली सरकवलं. पाचवी फेरी, सहावी फेरी, सातवी, तेच आकडे. भिंतीवरच्या घड्याळात दुपारचा एकही वाजला नव्हता.

सिस्टरांनी ट्रे टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "माझ्या थिएटरमधल्या पोरीने टेप पाहिली म्हणून निभावलं. रजिस्टर पाहिलं असतं, तर वरचा माणूस गेला असता कामातून."

वाफताईने रजिस्टर मिटून टाकलं. रडू आवरत नव्हतं. "सिस्टर, मला झोप येत नाही हो. तीन वर्षं झाली. इतकं वाढलंय हे मी कोणाला सांगितलं नाही. मला वेड लागायची पाळी आलीय."

सिस्टरांनी दार लोटून घेतलं. "हे मी वर कळवणार आहे, त्याबद्दल गयावया करू नका. दडवलेली चूक पुन्हा होते. पण ऐका. रजिस्टर आजपासून मी स्वतः तपासणार. दोन महिने तुमच्या प्रत्येक फेरीवर दुसऱ्याची सही लागेल. तोवर झोपेचा बंदोबस्त केलात तर यंत्र तुमचं. नाही तर तुमची बदली कपड्यांच्या खोलीत. चादरींच्या घड्या चुकल्या तरी कोणी मरत नाही." आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याला होता हा त्रास. त्याने ऑनलाइन उपचार घेतला. सीबीटी म्हणतात. विचार आणि सवयी बदलून झोपेला पुन्हा वळण लावायचं. आपल्या मानसोपचार विभागाचाच आहे, लिंक पाठवते."

कपड्यांची खोली! एकोणीस वर्षांनंतर चादरींच्या घड्या! त्या रात्री तर तिला चारलाही झोप लागली नाही.

उपचार फोनवरच होता. दर आठवड्याला एक धडा, रोज सकाळी भरायची झोपेची नोंदवही आणि शनिवारी समुपदेशकांशी पडद्यावर अर्धा तास बोलणं. नोंदवहीत साधे प्रश्न होते. अंथरुणावर कधी पडलात, झोप अंदाजे कधी लागली, किती वेळा जाग आली, किती वाजता उठलात. त्यावरून फोनमधला तो कार्यक्रम सांगणार की आता अमुक वाजता झोपा आणि तमुक वाजता उठा.

पहिल्या रविवारी वाफताईने नोंदवही उघडली. काल रात्री किती तास झोप? खरा आकडा होता साडेतीन. तो लिहिताना तिचा अंगठा थबकला. हे कोण वाचणार? विभाग इस्पितळाचाच. सिस्टरांपर्यंत गेलं तर? आणि साडेतीन तास हा काय माणसाने लिहायचा आकडा आहे? तिने लिहिलं, साडेदहाला पडले, अकराला झोप लागली, एकदा जाग आली, सहाला उठले. मग एकोणीस वर्षांच्या सवयीचा हात आपोआप पुढे चालला. फोन हातात आहे तोवर सोमवारही भरला, मंगळवारही भरला. शनिवारपर्यंत सगळा आठवडा भरून ती मोकळी झाली.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

समुपदेशक पन्नाशीचे, चष्मा डोक्यावर ढकललेले गृहस्थ होते. बोलता बोलता त्यांचं मांजर मध्येच पडद्यावरून शेपूट फिरवत जायचं. पहिल्या शनिवारी ते म्हणाले, "ताई, तुमची झोप तर माझ्यापेक्षा बरी आहे!" कार्यक्रमाने आकड्यांवरून तिला साडेदहा ते सहा ही वेळ नेमून दिली. म्हणजे आणखी सात-साडेसात तास अंधारात डोळे उघडे ठेवून पडायचं. खोट्या आकड्यांना खोटंच औषध मिळालं, आणि दोष मात्र तिने औषधाला दिला. "ऑनलाइन फिनलाइन काही नसतं," असं नवऱ्याला सांगून ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली.

दोन आठवडे गेले. यंत्रावर दुसरी बाई शेजारी उभी राहून सही करायची आणि तिच्याकडे न बघता करायची, हे जास्त लागायचं. चिमटे मोजताना आकडा विसरायचा. रस्ता ओलांडताना एकदा मोटारवाल्याने शिवी घातली, तेव्हा तिला भीती वाटली नाही. धडक बसली असती तर निदान पडून राहायला मिळालं असतं, असं वाटलं. असा विचार मनात आला याचीच तिला नंतर भीती वाटली.

तिसऱ्या बुधवारी ती नुकतीच घरी पोचली होती, तेव्हा अचानक समुपदेशकांचा फोन आला. पडदा उघडला तेव्हा चष्मा डोळ्यांवर होता.

"ताई, एक विचारू? आज बुधवार ना?"

"हो."

"मग उद्याची, गुरुवारची रात्र अजून यायची आहे. आणि तुम्ही तिच्यात सात तास झोपूनसुद्धा झालात!"

वाफताईने नजर खाली वळवली.

"नोंद कधी भरली हे इथे दिसतं. तीन आठवडे तुम्ही रविवारीच सगळं भरताय. मी आधीच पाहायला हवं होतं, ती चूक माझी. रागावलो नाहीये मी. फक्त सांगा, खरं काय आहे?"

"खरं सांगून काय होणार आहे?" ती एकदम ओरडली. "साडेतीन तास! कधी तीन! कधी काहीच नाही! हे लिहू? लिहिलं की मला चादरींच्या घड्या घालायला पाठवणार. नवरा म्हणणार, सांगितलं होतं कोणाला सांगू नकोस. मला कायमची झोप लागली तर बरं, इतकी मी कंटाळलेय!"

पलीकडे त्यांनी मांजराला उचलून खाली ठेवलं.

"ताई, शेवटचं वाक्य म्हणालात ते सरळच विचारतो. जीव द्यावा असं मनात येतं का?"

असं कोणी कधी विचारलंच नव्हतं. "द्यावा असं नाही. पण गेला तर सुटेन, असं येतं."

"हे सांगितलंत, फार चांगलं केलंत. आज संध्याकाळी आमच्या डॉक्टर तुमच्याशी बोलतील, मी वेळ ठरवून देतो. घरातलं कोणीतरी शेजारी बसू द्या. ही गोष्ट एकटीने वाहायची नाही." मग थोडं थांबून ते म्हणाले, "तुम्ही मला मागे त्या टेपबद्दल सांगितलं होतं. समजा ट्रे बाहेर आला आणि पट्ट्या फिकटच राहिल्यात. तर तुम्ही काळं पेन घेऊन पट्ट्या रंगवाल का?"

"छे! काहीतरीच काय! टेप रंगवली म्हणून ट्रे थोडाच स्वच्छ होतो?"

"मग नोंदवही रंगवून झोप कशी येणार?"

ती रडू लागली. पण नळ सोडून नाही, उघड. नवरा नेमका तेव्हाच कामावरून आला. दारातच हातातली पिशवी गळाली. तिने त्याला हाताने जवळ बसायला खुणावलं आणि पडद्यासमोरच, तीन वर्षांत पहिल्यांदा, सगळं सांगितलं. तो माणूस ऐकत होता आणि त्याचा चेहरा उतरत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "अगं, मी तर रोज विचारत होतो."

"विचारत होतात हो. ऐकत नव्हतात."

संध्याकाळी डॉक्टर बाई अर्धा तास बोलल्या. काळजीचं काय, धीराचं काय, वाईट विचार पुन्हा आला तर रात्री-अपरात्रीही कोणाला फोन करायचा, सगळं नवऱ्याने छापखान्यातल्या कागदाच्या मागे उतरवून घेतलं.

आणि दुसऱ्या सकाळपासून खरी नोंद सुरू झाली. पडले साडेनऊ. झोप लागली सुमारे दोन. जाग तीनदा. उठले सहा. एकूण तीन तास. एका आठवड्याच्या अशा खऱ्या आकड्यांवरून खरं औषध निघालं, आणि ते कडू होतं. रात्री साडेबारापर्यंत अंथरुणाकडे फिरकायचं नाही. साडेपाचला काहीही झालं तरी उठायचं. दुपारी डुलकी नाही. पडल्यावर पाऊण-एक वाजेपर्यंत झोप नाही आली तर कूस बदलत झुरायचं नाही, उठून दुसऱ्या खोलीत जायचं आणि डोळे जड झाले की परत यायचं. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवायचं.

"इतके दिवस झोप मिळावी म्हणून साडेआठ तास पडत होते, आता पाचच तास?" तिने विचारलं.

"अंथरूण म्हणजे जागरणाची जागा, असं तुमच्या मेंदूने पाठ करून ठेवलंय," समुपदेशक म्हणाले. "ते विसरायला लावायचंय. पहिले दोन आठवडे दिवसा जास्त झोप अंगावर येईल. धोक्याच्या कामाला हात लावू नका."

हे शेवटचं वाक्य तिच्या काळजात रुतलं. धोक्याचं काम म्हणजे यंत्र. कोणी विचारणार नव्हतं. शेजारी सही करायला दुसरी बाई होतीच, गप्प राहिली असती तर निभावलंही असतं. ती जिना चढून सिस्टरांकडे गेली.

"सिस्टर, मला दोन आठवडे यंत्रावर ठेवू नका. उपचारात झोपेची वेळ कमी केलीय. मला स्वतःचा भरवसा नाही."

सिस्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "कपड्यांच्या खोलीत जाल?"

"जाईन."

इस्पितळात बातमीला पाय फुटत नाहीत, पंखच फुटतात. वाफताईची बदली! काहीतरी घोटाळा केला असणार! तिसऱ्या दिवशी जेवणाच्या खोलीत कोणीतरी खोचून विचारलंच. तेव्हा तिने डबा बाजूला सरकवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मला निद्रानाश आहे. त्यावर उपचार घेतेय. आणखी काही विचारायचंय?"

कोणालाच काही विचारायचं नव्हतं. पण दुपारी कपड्यांच्या खोलीचं दार हळूच उघडलं. आत आला तो रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर, सहा फुटी, मिशाळ, सगळ्या इस्पितळाला हसवणारा. त्याने दार लावून घेतलं आणि चादरींच्या ढिगाकडे बघत म्हणाला, "ताई, ते तुम्ही म्हणालात ना... मला पण. दीड वर्ष झालं. गाडी चालवताना रस्ता दोन-दोन दिसतो. सांगितलं तर गाडी काढून घेतील हो."

हा माणूस रोज मरणाच्या दारातली माणसं घेऊन सुसाट येत होता! तिला त्याचा राग आला नाही. तिने फोन काढून लिंक पाठवली आणि तिथेच त्याला बजावलं, "आजच सिस्टरांना जाऊन सांगायचं. नाही सांगितलंत, तर मी सांगेन. मग माझ्यावर रागवा खुशाल."

घरी साडेबारापर्यंत जागणं म्हणजे शिक्षा होती. नवरा सोबत म्हणून बसायचा आणि साडेदहालाच बसल्या जागी घोरायला लागायचा. ती त्याला हलवून अंथरुणात पाठवायची आणि एकटी पाय ओढत चार खोल्यांतून फिरायची. पाचव्या दिवशी तिने फोन भिंतीवर फेकायला उचलला होता. नवव्या दिवशी पडली आणि पंधरा मिनिटांत झोपली. दहाव्या दिवशी पुन्हा पहाटेपर्यंत जागीच. पण बाराव्या दिवशी साडेबारा ते साडेपाच, एकाच कुशीवर, सलग! गजराने उठवलं तेव्हा आपण कुठे आहोत हेच तिला क्षणभर कळेना. झोपेची वेळ मग पंधरा मिनिटांनी वाढली, आठवड्याने आणखी पंधरा. नणंदेचा फोन आला तेव्हा नवराच म्हणाला, "हो, उपचार चालू आहेत तिचे. झोपेचे. त्यात लपवायचं काय? तुझं ते कष्टाचं औषध तिने तीन वर्षं घेतलं, त्याने नाही गुण आला!"

कपड्यांच्या खोलीतले दोन आठवडे लांबत चार झाले होते. दोन महिने भरले त्या सकाळी सिस्टरांनी तिला यंत्राच्या खोलीत बोलावलं. नवं रजिस्टर टेबलावर होतं. "गेले दोन आठवडे पाच-सव्वापाच तासांची झोप होतेय म्हणे. काम सुरू करा. आजपासून दुसरी सही नको."

वाफताईने यंत्राच्या दारावर हात ठेवला. याच क्षणासाठी तिने दोन महिने जिवाचा आटापिटा केला होता. आणि नेमकी आदली रात्र वाईट गेली होती. कशामुळे कोण जाणे, जेमतेम तीन तास झोप झाली होती. डोळे चुरचुरत होते. हो म्हटलं असतं तर कोणाला कळलं असतं? कोणालाच नाही.

"सिस्टर," ती म्हणाली, "आज नको. काल तीनच तास झोपले. उद्या विचारा."

सिस्टरांनी टेबलावरची त्या खोलीची किल्ली उचलली आणि तिच्या हातात ठेवली. "उद्यापासून यंत्र तुमचं. डोळे दिसले होते मला तुमचे. आज 'हो' म्हणाला असतात ना, तर विचार करावा लागला असता."

वाचकहो, वाफताई आजही सगळ्या रात्री शांत झोपते असं नाही. एखादी रात्र बिघडते, आणि ती बिघडल्याची नोंद होते. दुसऱ्या रात्रीची तिला पूर्वीसारखी धास्ती वाटत नाही, एवढाच काय तो फरक. झोप न येणं हा आळस नाही, पाप नाही आणि वेड तर नाहीच. तो आजार आहे, त्यावर उपचार आहे, आणि तो आता घरबसल्या मिळू शकतो. पण कोणताही उपचार आपण सांगितलेल्या माहितीवरच चालतो. लाजेपोटी, नोकरीपोटी, चार लोक काय म्हणतील म्हणून आपण ती सजवून दिली, तर डॉक्टर आपल्यावर नव्हे, आपण बनवलेल्या माणसावर उपचार करत बसतात. आणि खरं सांगणाऱ्याची नोकरी आपण काढून घेणार असू, तर रुग्णवाहिका झोपाळलेले लोकच चालवणार, हेही आपण सगळ्यांनी समजून घ्यायला हवं. ड्रायव्हर सध्या गाडीवर नाही, फोन घ्यायच्या टेबलाशी बसतो. त्याला पहिली नोंद करायची होती, तेव्हा त्याने वाफताईला विचारलं, "आत्ताच भरून टाकू का ताई, आठवड्याची?"

"रात्र तर होऊ द्या आधी!" ती म्हणाली. "सकाळी उठा, आणि झालं असेल तेच लिहा."